परदेशवारीत स्केट्स न्यायचे तर

दिल्लीच्या शाळा मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात, त्या थेट जुलै उजाडेपर्यंत. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या आसपास. वर्षभर ज्या मुलांनी सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टावर स्केटिंगचा क्लास केला, त्यांचे स्केट्स ऐन सुट्टीतच कपाटात जाऊन बसतात. हिवाळ्यातही तीच तऱ्हा. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा बिघडली की मुलांचे मैदानी खेळ आधी थांबतात. अशा शहरातल्या मुलाला परदेशातल्या गुळगुळीत, लांबलचक, गाड्या नसलेल्या वाटेचं आकर्षण वाटणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच सहलीची तिकिटं निघाली की घरात हमखास प्रश्न येतो: स्केट्स न्यायचे का?

जरूर न्यावेत. पण बॅगेत जागा शोधण्याआधी सहलीच्या आखणीत त्यांना एक दिवस आणि एक ठिकाण मिळालं पाहिजे, आणि मुलाला मोकळ्या वाटेवर थांबता आलं पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या तर सामानातले ते तीन-चार किलो सार्थकी लागतात. नाही जमल्या, तर तेच वजन विमानतळापासून हॉटेलपर्यंत आणि हॉटेलपासून विमानतळापर्यंत नुसतं वाहावं लागतं.

आधी आखणीचं. दहा दिवसांत सात शहरं दाखवणाऱ्या बसच्या सहलीत स्केट्स नेऊ नयेत. सकाळी सामान बसमध्ये, दुपारी चर्च आणि संग्रहालयं, रात्री नवं हॉटेल, त्यात स्केट्स बाहेर काढायला फुरसतच मिळत नाही. याउलट एडिसनला आत्याकडे, फ्रँकफर्टला मामाकडे किंवा लंडनला काकाकडे पंधरा दिवस मुक्काम असेल, तर स्केट्सइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. मोठी माणसं गप्पांत रमलेली असताना मुलांना दोन तास हुंदडायला मिळतं. शिवाय तिथल्या नातेवाइकांना कुठली बाग सपाट, कुठल्या वाटेवर सायकलींची गर्दी, हे ठाऊक असतं. ओळखीचं कुणी नसेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाकडे विचारावं. लंडनचं मंडळ तर 1932 पासूनचं आहे. एखाद्या स्थानिक मराठी कुटुंबाने सांगितलेली बाग नकाशावर शोधलेल्या दहा बागांपेक्षा भरवशाची असते.

आता थांबण्याचं. हा या सगळ्या तयारीतला कळीचा भाग आहे आणि नेमकं इथेच दिल्ली परिसरातली मुलं कमी पडतात. दोष मुलांचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. गुरुग्राम, नोएडा, द्वारका इथले बहुतेक क्लास शर्यतीच्या अंगाने चालतात. मुलं रिंकवर एकाच दिशेने, डावीकडे वळत फेऱ्या मारतात, वेग वाढवतात, जिल्हा आणि राज्य स्पर्धांची स्वप्नं पाहतात. त्या स्वप्नांना आधारही आहे. 2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी 3000 मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात आनंदकुमार वेलकुमार आणि आर्यनपाल घुमन यांच्याबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे महाराष्ट्राचे दोघे होते. याच शर्यतीत दक्षिण कोरियाच्या खेळाडूने अंतिम रेषेआधीच हात उंचावले आणि तैवानने एका शतांश सेकंदाने सुवर्ण हिसकावलं, ते दृश्य जगभर पाहिलं गेलं. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये चीनमधल्या बेदाइहे इथे आनंदकुमार 1000 मीटरमध्ये जगज्जेता झाला. साहजिकच क्लासमधल्या मुलांना तसेच बूट हवे असतात: घोट्याखाली संपणारे, 100 ते 110 मिलिमीटरची मोठी चाकं असलेले आणि ब्रेक नसलेले.

रिंकवर ब्रेक लागत नाही. वेग कमी करायला पुढची अख्खी फेरी मोकळी असते. बागेतल्या वाटेवर तशी सोय नसते. समोरून बाबागाडी येते, कुत्र्याचा पट्टा आडवा येतो आणि मुख्य म्हणजे उतार येतो. दिल्लीतल्या सपाट कोर्टावर वाढलेल्या मुलाने उतार अनुभवलेलाच नसतो. पहिले चार-पाच मीटर त्याला मजा येते. मग पाय न हलवताही वेग वाढतोय हे त्याच्या लक्षात येतं. घाबरून तो ताठ उभा राहतो, हात पसरतो, वजन टाचांवर जातं, पाय पुढे निसटतात आणि तो पाठीवर आपटतो. सावरायला हात मागे टेकला तर मनगटावर सगळा भार येतो. स्केटिंगमध्ये मनगटाच्या दुखापती होतात त्या बहुतांशी अशाच.

म्हणून प्रवासासाठी शर्यतीचे बूट घरी ठेवावेत आणि टाचेला ब्रेक असलेले, घोट्यापर्यंत आधार देणारे साधे स्केट्स न्यावेत. चाकं 72 ते 80 मिलिमीटरची असली की मुलाला पुरे. ब्रेक बहुधा उजव्या पायाला असतो. तो लावायचा तर आधी गुडघे वाकवायचे, हात पुढे ठेवायचे, ब्रेकचा पाय अर्धं पाऊल पुढे सरकवायचा, त्या पायाचा चवडा उचलायचा आणि मग हळूहळू टाच दाबायची. झटक्यात दाबली तर मूल गोल फिरतं. हे वाचायला सोपं आहे, पण अंगात मुरायला तीन-चार आठवडे लागतात. सोबत दुसरी पद्धतही शिकवावी: एक पाय मागे आडवा धरून चाकं घासत थांबण्याची. ब्रेकचा रबर झिजला असेल तर निघण्यापूर्वीच बदलावा. परदेशात गेल्यावर अनोळखी भाषेत तो भाग मागणं जड जातं.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं उदाहरण इथे बोलकं आहे. या बागेतून जाणारे रस्ते 2018 पासून मोटारींना पूर्ण बंद आहेत आणि सगळा फेरा सुमारे दहा किलोमीटरचा आहे. कागदावर आदर्श जागा. पण तिच्या उत्तर टोकाला हार्लेम हिल नावाचा चांगलाच चढ-उतार आहे, आणि तिथे नवखे स्केटर इतके धडपडत की स्वयंसेवकांच्या एका गटाने अनेक वर्षं बागेत लोकांना फुकट थांबायला शिकवलं. स्केटिंग करायला नव्हे, थांबायला. न्यू जर्सीत मुक्काम असलेल्या कुटुंबांनी मुलांना तिथे न्यावं, पण सुरुवातीला दक्षिणेकडच्या सपाट भागातच ठेवावं.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक सवय परदेशात घात करू शकते. आपण डावीकडून चालतो. युरोपात आणि अमेरिकेत वाट उजवीकडून धरायची आणि मागच्याला पुढे जायचं असेल तर तो डावीकडून जातो. समोरून भरधाव सायकल आली की भारतीय मूल क्षणात डावीकडे सरकतं, म्हणजे नेमकं त्या सायकलीसमोर जातं. लंडन आणि सिंगापूरमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू असल्याने हा धोका कमी आहे. जिथे उजवी बाजू आहे तिथे पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने मुलाच्या पुढे राहून उजवी बाजू धरावी. नुसतं सांगून ते मुलाच्या पायांत उतरत नाही.

कायदाही देशागणिक बदलतो. जर्मनीत स्केट्स घातलेला माणूस पादचारी मानला जातो. त्याने पदपथ वापरायचा. स्केटिंगला परवानगी असल्याची वेगळी पाटी असेल तरच सायकलमार्गावर किंवा रस्त्यावर जायचं. फ्रान्समध्येही पादचाऱ्याचेच नियम लागू होतात. ऑस्ट्रियात मात्र सायकलमार्गावर स्केटिंग चालतं, पण बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर किमान सोळा वर्षांचं कुणीतरी हवं. स्वित्झर्लंडमध्ये तर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी जशा खुणा लावलेल्या वाटा आहेत, तशाच स्केटिंगसाठीही आखल्या आहेत. थोडक्यात, एका देशात चाललं म्हणून पुढच्या देशात चालेल असं धरू नये.

ठिकाणांमध्ये पहिला क्रमांक बर्लिनच्या टेम्पलहोफर फेल्डला द्यायला हवा. हा मूळचा विमानतळ. 1948-49 मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा याच धावपट्ट्यांवर अन्नधान्य आणि कोळशाची विमानं उतरत होती. 2008 मध्ये विमानतळ बंद झाला, 2010 मध्ये लोकांसाठी बाग म्हणून खुला झाला, आणि 2014 मध्ये बर्लिनकरांनी सार्वमत घेऊन तिथे इमारती बांधायचा बेत हाणून पाडला. आज तीनशे हेक्टरांहून मोठ्या त्या मैदानावर जुन्या धावपट्टीचं सपाट, रुंद डांबर मुलांसाठी मोकळं आहे. ना मोटार, ना सिग्नल, ना उतार. प्रवेशाला पैसे नाहीत. वारा मात्र जोराचा असतो, परतताना तो समोरून आला तर लहान मूल दमतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध निघावं आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. शाळकरी मुलाला इतिहास सांगायलाही ही जागा सुंदर आहे. बर्लिनहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर लुकनवाल्ड आणि युटरबोग या गावांभोवती फ्लेमिंग-स्केट नावाचं वाटांचं जाळं आहे, दोनशे किलोमीटरांहून लांब, शेतं आणि जंगलांतून जाणारं, खास स्केटिंगसाठी डांबर टाकलेलं. कुमारवयातली, सराव झालेली मुलं असतील तर तिथे एक दिवस जरूर काढावा.

व्हिएन्नात प्राटर बागेतला हाउप्टआले हा झाडांच्या दुतर्फा रांगांमधला रस्ता 4.4 किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ आणि सपाट आहे. 12 ऑक्टोबर 2019 रोजी केनियाचा एलिऊद किपचोगे दोन तासांच्या आत मॅरेथॉन अंतर धावला, तो याच रस्त्यावर. धावायला निवडलेला इतका सपाट रस्ता चाकांना सोयीचा असणारच. शेजारीच डॅन्यूब नदीतलं एकवीस किलोमीटर लांबीचं मानवनिर्मित बेट आहे, तिथे मेट्रोने उतरता येतं.

पॅरिसबद्दल थोडं सावध राहायला हवं. शुक्रवारी रात्री दहाला माँपार्नासजवळून निघणारी ‘पारी-रोलर’ ही सामूहिक फेरी प्रसिद्ध आहे, पण ती सुमारे तीस किलोमीटरची, वेगवान आणि पट्टीच्या स्केटरांसाठी आहे. लहान मुलांना तिथे नेऊच नये. रविवारी दुपारी बास्तीलजवळून निघणारी फेरी संथ असते आणि कुटुंबांना चालण्यासारखी असते, तीही मुलाला थांबता येत असेल तरच. दोन्ही फेऱ्या रस्ता ओला असला की रद्द होतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. लंडनमध्ये हाइड पार्कातला सर्पेंटाइन रोड हा स्केटरांचा जुना अड्डा आहे. सिंगापूरमध्ये ईस्ट कोस्ट पार्कची समुद्राकाठची सुमारे पंधरा किलोमीटरची वाट आहे; उकाड्यामुळे तिथे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावं. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठाने एकोणतीस किलोमीटरची वाट जाते.

जुन्या युरोपीय शहरांच्या मध्यभागात मात्र स्केट्स घालूच नयेत. प्राग, लिस्बन, रोम इथल्या दगडी फरसबंदीवर लहान चाकं अडकतात, आणि ती फरसबंदी ओली असेल तर निसरडीही होते. ट्रामच्या रुळांची खाच तर सगळ्यात वाईट. तिच्यात चाक शिरलं की मूल तोंडावर पडतं. रूळ नेहमी काटकोनात, शक्यतो हात धरून, पावलं टाकत ओलांडावेत.

सामान भरताना वजनाचा हिशेब आधी करावा. मोठ्या माणसाची जोडी तीन ते चार किलोची, मुलाची दोन-अडीच किलोची धरावी. दोन मुलांचे स्केट्स, हेल्मेट आणि गार्ड मिळून सात-आठ किलो सहज होतात. भारतातून निघताना इकॉनॉमी वर्गात केबिनमध्ये सर्वसाधारणपणे सात किलोंची एकच बॅग चालते, तेव्हा स्केट्स मोठ्या बॅगेतच घालावेत. अमेरिकेच्या सुरक्षा तपासणीत स्केट्स केबिनमध्ये नेता येतात, हे खरं. पण दिल्लीच्या टर्मिनल 3 वर निर्णय समोरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा असतो, आणि पहाटे दोनच्या रांगेत लहान मुलांना घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. चाकं काढायची एलन कीसुद्धा मोठ्या बॅगेतच हवी. अनेक स्केट्सना 4 मिलिमीटरची लागते, काहींना ताऱ्याच्या आकाराची. आपल्या जोडीला कोणती बसते ते घरीच तपासून तीच न्यावी. बुटांच्या पोकळीत मोजे आणि गार्ड कोंबले की जागाही वाचते आणि बुटाचा आकारही टिकतो. प्रत्येक स्केट जाड कापडी पिशवीत घालून चाकं बॅगेच्या तळाकडे ठेवावीत. हेल्मेट मात्र दाबलं जाऊ नये म्हणून पाठपिशवीला अडकवून हातात न्यावं.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ चाकांसाठी राखून ठेवावी. चार चाकांच्या दोन स्केट्समध्ये आठ चाकं आणि सोळा बेअरिंग असतात, बावीस मिलिमीटर व्यासाची. दिल्लीची बारीक धूळ नेमकी त्यांतच जाऊन बसते. प्रत्येक चाक बोटाने फिरवून कानाजवळ धरावं. चांगलं चाक आवाज न करता बराच वेळ फिरतं. धूळ गेलेलं चाक खरखरतं आणि लवकर थांबतं. बेअरिंग काढून कोरड्या फडक्याने पुसावं, शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत, जास्तीचं तेल टिपून घ्यावं. चाकांची आतली कड जास्त झिजते, म्हणून परत बसवताना चाक उलटं करून झिजलेली कड बाहेर घ्यावी. शेवटी प्रत्येक बोल्ट घट्ट आहे ना हे बघावं. पेट्रोल किंवा स्पिरिटसारखी पेट घेणारी द्रव्यं विमानात चालत नाहीत, त्यामुळे साफसफाई घरीच उरकायला हवी. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर चाकांना मातीचा कणही राहू देऊ नये. तिथे माती लागलेलं खेळाचं सामान जैवसुरक्षा नियमांखाली येतं आणि उतरताना भरायच्या माहितीत त्याची नोंद करावी लागते. लपवल्यास दंड होतो.

मापही याच वेळी बघावं. मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवल्यावर थोडा मागे सरकावा, हे योग्य माप. मापं कमी-जास्त करता येणारे स्केट्स असतील तर उत्तमच.

विम्याकडे बहुतेक कुटुंबं व्हिसाचा कागद म्हणून बघतात. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते घेतलं की काम झालं असं वाटतं. पण अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळांच्या दुखापती वगळलेल्या असतात आणि साहसी कशाला म्हणायचं ते प्रत्येक कंपनीच्या कागदात वेगळं असतं. पॉलिसी घेण्यापूर्वी हौशी इनलाइन स्केटिंग धरलं आहे का, असं ईमेलने विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. फोनवर मिळालेला होकार दावा करताना कामाला येत नाही. परदेशात हाताचं साधं प्लास्टरही महाग पडतं.

तिथे पोचल्यावर पाठपिशवीत चपला ठेवायला विसरू नये. दुकानं, संग्रहालयं आणि मेट्रो स्थानकांत स्केट्स घालून जाऊ देत नाहीत. पाऊस आला की सरळ स्केट्स काढावेत, कारण पाण्याने बेअरिंग गंजतात आणि ओल्या रस्त्यावर, विशेषतः रंगवलेल्या पट्ट्यांवर, चाकांची पकड जाते. हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड यांत सूट देऊ नये, भले आजूबाजूची तिथली मुलं उघड्या डोक्याने फिरत असोत.

सराव कुठे करायचा, हा दिल्लीकरांचा खरा पेच. गुरुग्राममध्ये नोव्हेंबर 2013 मध्ये ‘राहगिरी’ सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी गाड्यांसाठी बंद केलेल्या रस्त्यांवर मुलं सायकली आणि स्केट्स घेऊन उतरली होती. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहराची ती प्रेरणा. असा उपक्रम जवळपास असेल तर तो उत्तम. तसा नसेल तरी सोसायटीतला तळघराकडे जाणारा उतार टाळावा, तिथून मोटारी येतात. मोठ्या बागेतली किंवा क्रीडासंकुलातली रुंद वाट, जिला हलकासा चढ आहे, ती शोधावी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी. जमिनीवर खडूने रेघ ओढायची, मुलाने उतारावरून येऊन त्या रेघेवर थांबायचं. रोज दहा वेळा. जूनमध्ये निघायचं असेल तर हा सराव एप्रिलच्या सुरुवातीलाच हाती घ्यावा आणि सकाळी सहा ते साडेसातपर्यंत उरकावा, कारण महिना सरता सरता आठलाच ऊन चटके देऊ लागतं. मेच्या पहिल्या रविवारी मुलाला तीच रेघ ओढून द्या. ते दहापैकी दहा वेळा थांबलं तर स्केट्स बॅगेत भरा. नाही थांबलं, तर या वेळी स्केट्स घरीच राहू द्यात आणि पुढच्या सहलीला न्या.